आजच्या अंगाचं माप

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत ज्यांनी उभी हयात व्हर्निअर आणि डायल गेज हाताळत काढली, त्यांना गोल्फ क्लबचं फिटिंग समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. लांबी इंचात, कोन अंशात, वजन ग्रॅममध्ये. महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात त्या या वसाहतीतल्या एका टूलरूममधून निवृत्त झालेले काका माझ्या ओळखीचे आहेत. तरुणपणी एका फौजी मित्राच्या नादाने ते गोल्फ शिकले. पुढे शिफ्ट, मुलांची शिक्षणं, कंबरदुखी यात खेळ सुटला आणि साठी उलटल्यावर पुन्हा ओढ लागली. त्यांचा प्रश्न साधा होता : माळ्यावरचा सेट काढू की नवा घेऊ? त्याचं उत्तर मापं घेतल्याशिवाय देता येत नाही.

‘आधी हात बसू दे, जरा बरं खेळायला लागू, मग फिटिंग बघू,’ असं बहुतेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. कसलेला खेळाडू बेताच्या क्लबशीही जुळवून घेतो, कारण त्याच्या हातांना तेवढी जाण असते. मोठ्या खंडानंतर परतणारा माणूस जुळवून घेता घेता नवी खोड अंगाला लावून घेतो. क्लब आखूड असेल तर तो पाठीतून जास्त वाकतो, शाफ्ट, म्हणजे दांडा, जड असेल तर खांद्याने ओढतो. दोन महिन्यांत तीच त्याची शैली होते आणि दुखरी कंबर आणखी दुखू लागते. म्हणून फिटिंगची खरी गरज त्याला आहे. फक्त पहिल्याच दिवशी जाऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे अंग आखडलेलं असतं आणि स्विंग रोज वेगळा पडतो. जुन्या किंवा उसन्या क्लबने आठवड्यातून दोनतीनदा थोडे थोडे चेंडू मारावेत. चेंडू एका ठरावीक दिशेने चुकायला लागला की मोजण्यासारखं काहीतरी तयार झालं असं समजावं.

आता माळ्यावरचा सेट. त्यावरचे आकडे आजच्या आकड्यांशी जुळत नाहीत, हे परतणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या 7 आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, साधारण 34 ते 36 अंश असायचा. आज सामान्य खेळाडूंसाठी बनणाऱ्या बहुतेक सेटमध्ये तो 28 ते 30 अंशांवर आला आहे. म्हणजे तुमचा जुना 7 हा आजच्या 8 आणि 9 च्या मध्ये कुठेतरी पडतो. शेजारच्याने 7 ने तुमच्यापेक्षा वीस यार्ड पुढे मारलं म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. दुसरा परिणाम पिशवीच्या तळाशी दिसतो. नव्या सेटमधला पिचिंग वेज 43-44 अंशांचा असतो आणि जुना सँड वेज 56 चा. मध्ये बारा-तेरा अंशांचं भगदाड पडतं, त्यासाठी आणखी एक वेज लागतो. नियमाने पिशवीत 14 च क्लब ठेवता येतात, त्यामुळे तो आला की दुसरं काहीतरी बाहेर काढावं लागतं. साठीच्या पुढच्यांनी 3 आणि 4 आयर्न बिनदिक्कत काढून हायब्रिड घ्यावेत. कमी वेगाच्या स्विंगला लांब आयर्नने चेंडू उंच उठवता येत नाही.

लांबी आणि लाय ही दोन मापं घरी घेता येतात. काकांची मी त्यांच्याच अंगणात घेतली. खेळायचे बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. हे अंतर साधारण 34 ते 36 इंच आलं, तर बहुतेकांना स्टँडर्ड लांबीचे क्लब चालतात. नुसती उंची बघून भागत नाही. सहा फुटांच्या माणसाचे हात लांब असतील तर त्याला स्टँडर्डच लागतो आणि बुटक्या पण आखूड हातांच्या माणसालाही तोच. उंची आणि मनगटाचं अंतर यांची सांगड घालून रंगीत ठिपक्यांची पद्धत सत्तरच्या दशकात रूढ केली ती ‘पिंग’ कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी. नॉर्वेत जन्मलेले सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते आणि 1959 मध्ये त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवायला सुरुवात केली. त्यांच्या तक्त्यात काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड लाय, बाकीचे रंग त्याहून उभे किंवा आडवे.

लाय म्हणजे क्लब जमिनीवर टेकला असता शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन. 7 आयर्नचा तो 62-63 अंशांच्या आसपास असतो. चेंडूला लागताना क्लबचं टोक वर राहिलं, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. टाच, म्हणजे शाफ्टकडची बाजू, वर राहिली तर उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितकी ही चूक मोठी, म्हणून वेजचा लाय ड्रायव्हरपेक्षा जास्त काळजीने बघावा. हे तपासायला व्हाइटबोर्डचा मार्कर पुरतो. चेंडूवर एक जाड उभी रेघ ओढायची, रेघ क्लबच्या फेसकडे आणि बरोबर उभी राहील असा चेंडू ठेवायचा आणि नेहमीसारखा मारायचा. शाई फेसवर उमटते. खाचांशी काटकोनात उभी उमटली तर लाय बरोबर. रेघेचं वरचं डोकं टोकाकडे झुकलं तर क्लब गरजेपेक्षा उभा, टाचेकडे झुकलं तर आडवा. काकांच्या 7 आयर्नवर रेघ सलग टाचेकडे झुकत होती. इतकी वर्षं चेंडू उजवीकडे का जातो म्हणून ते स्वतःच्या मनगटाला दोष देत होते. फेसवरची ती निळी तिरकी रेघ त्यांनी बोटाने पुसली नाही. आत जाऊन कोनमापक घेऊन आले.

लाय चुकला तर क्लब वाकवता येतो का? ते धातूवर अवलंबून आहे आणि इथे हिंगण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मऊ कार्बन स्टीलमधून फोर्ज केलेला आयर्न यंत्रात पकडून एकदोन अंश सहज वळतो. 17-4 सारख्या कडक स्टेनलेसमध्ये ओतलेला क्लब ऐकत नाही. जबरदस्ती केली तर मानेपाशी तडा जातो. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीचे सेट ओतीव असतात. जुना ओतीव सेट फार चुकलेला असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये पकडून वाकवण्याचा मोह कितीही झाला तरी आवरावा. लॉफ्ट आणि लाय एकत्र मोजणारं यंत्र नसेल, तर एक कोन सुधारताना दुसरा बिघडतो.

शाफ्टच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय चालत नाहीत. लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ ही लवचिकतेची अक्षरं सगळे छापतात, पण त्यांचं सर्व कंपन्यांना बांधील असं एकच प्रमाण नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक निघतो. ढोबळ हिशेब असा : ड्रायव्हरचा वेग ताशी 75 ते 85 मैल असेल तर सीनियर, 85 ते 95 ला रेग्युलर, त्यावर स्टिफ. पूर्वी स्टिफ वापरत होतो म्हणून आजही तोच हवा, हा हट्ट फार महागात पडतो. आयर्नमधला जुना स्टीलचा शाफ्ट 120-130 ग्रॅमचा असू शकतो, ग्रॅफाइटचा 60-70 ग्रॅमचाही मिळतो. दुखऱ्या कोपराला आणि खांद्याला हा फरक पहिल्या दहा चेंडूंत कळतो. ग्रॅफाइट घेतल्याने माणूस म्हातारा ठरत नाही.

इथे लाँच मॉनिटर लागतो. ट्रॅकमॅनसारखी यंत्रं रडारने चेंडूचा माग काढतात, काही यंत्रं कॅमेऱ्याने. आकडे पुष्कळ दिसतात. तुम्ही तीन बघा. चेंडूचा वेग, तो कोणत्या कोनाने उडाला आणि किती फिरला. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की येणारा आकडा ड्रायव्हरला 1.5 च्या आसपासच अडतो. 85 मैलांच्या स्विंगमधून 123 मैलांचा चेंडू निघाला तर तो 1.45 येतो, ते चांगलंच आहे. सर्वांत लांब गेलेल्या एका फटक्यावर क्लब निवडू नका. दहा फटक्यांत ज्याचे चेंडू एकमेकांच्या जवळ पडले तो निवडा. फिटरलाही आधीच सांगा : कुठे दुखतं, आठवड्यातून किती खेळणार, खर्च किती करणार. चांगला फिटर आधी तुमच्याच जुन्या क्लबने चेंडू मारून घेतो. जो थेट नवा ड्रायव्हर हातात देतो त्याच्याकडून माप घ्यावं, खरेदी घाईने करू नये.

ग्रिपवर सर्वांत कमी पैसे लागतात आणि नागपूरच्या उन्हात सर्वांत आधी तीच जाते. माळ्यावर पडलेलं रबर दगडासारखं कडक आणि गुळगुळीत होतं, मग माणूस क्लब आवळून धरतो आणि मनगटं आखडतात. ग्रिप डाव्या हातात धरल्यावर मधली दोन बोटं तळहाताच्या गादीला जेमतेम टेकावीत. बोटं रुतली तर ग्रिप बारीक, अंतर राहिलं तर जाड. बोटांचे सांधे धरत असतील तर मुद्दाम थोडी जाड आणि मऊ घ्यावी. मे महिन्यात पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नये. क्लबचं डोकं शाफ्टला इपॉक्सीने चिकटवलेलं असतं, आणि जुना शाफ्ट काढताना कारागीर तोच जोड तापवून सैल करतो.

वेजचा प्रश्न इथल्या मातीशी बांधलेला आहे. वेजच्या तळाला जो फुगवटा असतो त्याला बाउन्स म्हणतात, तो अंशांत मोजतात. मऊ जमिनीत जास्त बाउन्स, 10 ते 14 अंश, क्लबला रुतू देत नाही. टणक जमिनीवर तोच उसळतो आणि चेंडूच्या डोक्यावर बसतो; तिथे 4 ते 6 अंशांचा लागतो. विदर्भाची काळी माती एकाच वर्षात दोन्ही रूपं दाखवते : जुलै-ऑगस्टमध्ये चिकट गारा, एप्रिलमध्ये भेगा पडलेलं टणक ढेकूळ. परदेशी हिरवळीवर ठरलेली शिफारस इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. मधल्या बाउन्सचा, 8 अंशांच्या आसपासचा वेज बहुतेकांना पुरतो, पण तुम्ही वर्षातून जास्त कधी खेळता यावर तो खाली-वर सरकतो. काकांना मी आयर्न आणि ड्रायव्हर लगेच मापून घ्यायला सांगितलं. वेज एक पावसाळा आणि एक उन्हाळा खेळून झाल्यावर घ्यावा, तोवर जुना घासलेला चालवावा.