अरब सरकारांनी हिशेब पुरा मांडावा

तापमानवाढीची झळ सोसणारे देश आणि तिला कारणीभूत ठरणारे इंधन विकून समृद्ध झालेले देश अरब जगतात शेजारी-शेजारी नांदतात. या प्रदेशातील सरकारांची जबाबदारी त्यामुळेच दुहेरी ठरते.

कुवेतमधील मित्रिबा येथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये 'डॅनियल' वादळाच्या पावसाने लिबियातील डेर्ना शहराच्या वरच्या बाजूची दोन जुनी धरणे फुटली आणि हजारो माणसे प्राणास मुकली. २०२४ च्या हज यात्रेत, भीषण उष्म्यात, तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील सुपीक जमिनीत समुद्राचे खारे पाणी शिरत आहे.

अरब सरकारे स्वस्थ बसली आहेत, असे मात्र नव्हे. मोरोक्कोने वर्झाझात येथे भव्य सौरऊर्जा प्रकल्प उभारला. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी संयुक्त अरब अमिरातीने २०५० चे, तर सौदी अरेबियाने २०६० चे उद्दिष्ट २०२१ मध्येच जाहीर केले. खरी मेख हिशेबाच्या पद्धतीत आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंधन जेथे जळते, त्या देशाच्या खाती त्याचे उत्सर्जन पडते. साहजिकच निर्यात झालेल्या तेलाचा धूर या उद्दिष्टांत मोजलाच जात नाही. यात नियमभंग नाही. परंतु वातावरणाला देशांच्या सीमा ठाऊक नसतात.

दुबईत २०२३ साली झालेल्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन प्रथमच सर्व देशांच्या संमतीने केले गेले. परिषदेचे अध्यक्ष सुलतान अल जाबेर हे अबुधाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीचेही प्रमुख होते. मात्र तेलाचे उत्पादन कधी आणि किती घटवायचे, याचे बंधन त्या ठरावाने कोणावरही घातले नाही.

पाश्चात्त्य देशांनी आधी प्रदूषण केले, हा युक्तिवाद खरा आहे. पण तो डेर्नाच्या रहिवाशांच्या कामाचा नाही. तेलसंपन्न सरकारांनी उत्पादनकपातीचे वेळापत्रक जाहीर करावे. तेलाच्या उत्पन्नाचा निश्चित वाटा गरीब शेजाऱ्यांची धरणे आणि पूर्वसूचना यंत्रणा यांसाठी द्यावा. भर उन्हात राबणाऱ्या मजुरांनाही संरक्षण हवे. कतारने २०२१ पासून उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन या वेळेत उघड्यावरील कामास मनाई केली. तिची काटेकोर अंमलबजावणी आखातात सर्वत्र व्हावी. त्या मजुरांत आपल्याकडून गेलेली माणसेही आहेत, हे आपण विसरू नये.