नाताळातील लांब संध्याकाळ आणि दूरचित्रवाणीची सोबत

डिसेंबरच्या अखेरीस मुलामुलींकडे ब्रिटनमध्ये राहावयास गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी पंचवीस तारखेची ती शांतता अनुभवली असेल. त्या दिवशी लंडनमध्ये बस धावत नाही, भुयारी रेल्वे धावत नाही आणि बहुतेक दुकाने बंद असतात. दुपारचे चार वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. फिरावयास जावे तर बाहेर थंडी, शेजारी जाऊन बसावे तर ओळख नाही. अशा वेळी घरातील ज्येष्ठांना दिवाणखान्यात बसवून दूरचित्रवाणी संच सुरू करून दिला जातो. चित्रे हलत राहतात. मात्र भाषेचा वेग झेपत नाही, आवाज स्पष्ट ऐकू येत नाही आणि भरल्या घरात एकटेपण वाढत जाते.

दूरचित्रवाणी वाईट असे मुळीच नाही. तथापि औषधाप्रमाणे तिलाही मात्रा, काळ आणि अनुपान असते. ही तिन्ही सांभाळली, तर हाच संच नाताळाच्या सुटीत आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यातील दुवा होऊ शकतो.

काय पाहावे?

ब्रिटनमध्ये नाताळचे कार्यक्रम आधी ठरवून पाहण्याची जुनी पद्धत आहे. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचा नाताळचा जोडअंक घरी आणून त्यातील आवडीच्या कार्यक्रमांवर पेनाने खुणा केल्या जातात. आपणही हे अवश्य करावे. दिवसाला एक किंवा दोन कार्यक्रम निवडावेत. जे निवडले ते लक्ष देऊन पाहिले जाते. जे सतत सुरू असते ते केवळ सहन केले जाते.

इंग्रजीची सवय नसलेल्यांसाठी पहिली शिफारस ‘द स्नोमॅन’ या चित्रपटाची. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रपुस्तकावर आधारलेला हा हाताने रेखाटलेला चित्रपट 1982 मध्ये चॅनल फोरवर प्रथम दाखवला गेला आणि तेव्हापासून तो नाताळचा नेहमीचा सोबती झाला आहे. अवधी अर्ध्या तासाहूनही कमी. यात एक गीत आहे, पण पात्रे बोलत नाहीत. त्यामुळे पाच वर्षांची नात आणि पंचाहत्तर वर्षांची आजी तो सारख्याच सहजतेने समजू शकतात. मात्र शेवटी हिममानव वितळून जातो. नुकताच जोडीदार गमावलेल्या व्यक्तीला हा शेवट जिव्हारी लागू शकतो. तेव्हा शेजारी कोणीतरी असावे.

संगीताची आवड असलेल्यांनी चोवीस तारखेला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळगीते ऐकावीत. तेथील या उपासनेची परंपरा 1918 पासूनची आहे आणि दूरचित्रवाणीवर ही गीते 1954 मध्ये प्रथम आली. आरंभी एका मुलाचा एकटा स्वर उमटतो, मग हळूहळू सारा गायकवृंद त्यात मिसळतो. भजनात रमणाऱ्या मनाला हा अनुभव परका वाटत नाही. शब्द न कळले तरी भाव पोहोचतो.

पंचवीस तारखेला दुपारी तीन वाजता राजाचा संदेश असतो. पाचव्या जॉर्जने 1932 मध्ये तो रेडिओवर सुरू केला आणि राणी एलिझाबेथ 1957 मध्ये तो देताना प्रथमच पडद्यावर दिसली. संदेश थोडक्यात असतो आणि संथ, स्पष्ट इंग्रजीत दिला जातो. लंडनमध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. त्यामुळे पुण्यात किंवा सांगलीत राहणारे आईवडील आणि तिकडची मुले फोनवर एकमेकांशी बोलत तो एकाच वेळी, यूट्यूबवरही, पाहू शकतात.

‘कॉल द मिडवाइफ’ या मालिकेचा नाताळ विशेष भाग 2012 पासून लोकप्रिय आहे. जुन्या पूर्व लंडनमधील सुईणींची ही कथा पाहताना आजीला स्वतःची बाळंतपणे, माहेरची खोली, शेगडीची धुरी आठवते. काही प्रसंग हृदयद्रावक आहेत. पण तो भाग संपल्यावर संच बंद करून ‘तुमच्या वेळी कसे होते?’ एवढेच विचारावे. पुढचा तास आपोआप भरून निघतो.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा 1946 चा कृष्णधवल चित्रपटही या दिवसांत आवर्जून दाखवला जातो. दोन तासांहून मोठा असल्याने तो दोन बैठकींत पाहावा. त्याचा नायक हताश होऊन जीव देण्याच्या टोकापर्यंत जातो आणि आपल्या असण्याने किती जणांचे जीवन सावरले, हे त्याला पुढे उमगते. उतारवयात ‘आता माझा काय उपयोग?’ असे वाटणाऱ्यांना तो धीर देईल. परंतु मन फारच खचले असेल तर तो त्यांना एकट्याने पाहू देऊ नये. आणि असे उद्गार वारंवार येत असतील, तर चित्रपटावर विसंबून न राहता डॉक्टरांशी बोलावे.

कसे पाहावे?

दर अर्ध्या तासाने उठावे. जाहिराती लागल्या की खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या माराव्यात. उठणे शक्य नसेल तर खुर्चीतच घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात. फार वेळ पाय लोंबकळत ठेवल्याने सूज येते आणि रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. खोलीत अगदी अंधार करू नये. संचाच्या मागे मंद दिवा असल्यास डोळ्यांवरील ताण कमी होतो आणि उठताना पायात काही अडकत नाही.

आवाज वाढवण्यापूर्वी सबटायटल सुरू करावेत. श्रवणयंत्र असल्यास ते घालूनच बसावे. संच पाहता पाहता केक, चॉकलेट आणि खारे दाणे किती पोटात गेले याचे भान राहत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आपला वाटा आधीच लहान वाटीत काढून घ्यावा. झोपण्यापूर्वी तासभर संच बंद असावा.

स्मरण क्षीण झाले असल्यास

स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते आणि तेथे ही संध्याकाळ चारलाच सुरू होते. म्हणून अंधार पडण्याआधीच पडदे ओढून दिवे लावावेत. बातम्या, मारामारी, भराभर बदलणारी दृश्ये टाळावीत. पडद्यावरचे भांडण त्यांना घरातलेच वाटू शकते. अशा वेळी ‘हे खोटे आहे’ असा वाद न घालता संच बंद करून हात हातात घ्यावा. बंद पडद्यातील प्रतिबिंब परका माणूस वाटून ते घाबरत असतील, तर त्यावर एखादे वस्त्र टाकावे. परिचित गाणी बहुधा उत्तम साथ देतात. मग ती नाताळची असोत वा आपल्या जुन्या मराठी चित्रपटांतील.

सेवा करणाऱ्यांसाठी एक शब्द

संचापुढे ज्येष्ठांना बसवून आपण अर्धा तास स्वयंपाक उरकला किंवा डोळे मिटून पडलात, तर त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. दमलेला माणूस दुसऱ्याची सेवा फार काळ करू शकत नाही. फक्त दिवसातून एक कार्यक्रम असा असू द्यावा की जो आपण त्यांच्या शेजारी बसून, मोबाइल दूर ठेवून, अखेरपर्यंत पाहाल. तो कार्यक्रम त्यांनाच निवडू द्या. परक्या देशात, दुसऱ्याच्या घरात, दिवसभरातील बहुतेक गोष्टी इतरांच्या सोयीने होत असताना, रिमोट हाती असणे ही छोटी गोष्ट नव्हे.