ट्यूब गेली, स्क्रूही गेला

नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हाला मिनामाता करारातल्या देशांनी ठरवलं, की २०२७ संपेपर्यंत पाऱ्याच्या ट्यूबलाइट बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात बंद करायची. पारा विषारी, तेव्हा निर्णय योग्यच. ट्यूब जाते याचं मला दुःख नाही. तिच्या जागी जे आलं त्याचं आहे. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या फिशटँकवरचा विकतचा एलईडी दिवा बंद पडला. उघडायला घेतला तर एकही स्क्रू नाही, सगळं चिकटवलेलं. अख्खा दिवा कचऱ्यात गेला.

आमच्या जव्हार-मोखाड्यात पूर्वी फिशटँक म्हणजे चैनच. दोन फुटी टाकी, पत्र्याचं झाकण, त्यात अठरा वॅटची ट्यूब. वाफेने पत्रा गंजायचा, चोक गुणगुणायचा. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

खरी मजा २००५ नंतरच्या दहा वर्षांत आली, आणि ती आणली भारनियमनाने. लाईट तासन् तास नसायची. टाकीत अंधार, हवेचा पंप बंद, मासे वर येऊन तोंडं उघडायचे. काही वर्षांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या येऊ लागल्या. ही पट्टी दर तीन दिव्यांनी कापता येते, कारण तीन एलईडी आणि एक रेझिस्टर मिळून बारा व्होल्ट पुरे होतात. मग इन्व्हर्टर कशाला? गाडीची जुनी बॅटरी थेट जोडायची. शहरातल्यांना जी हौस होती, ती आमची गरज होती.

पुढे एक वॅटचे एलईडी हाती आले. खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चॅनेलचा उरलेला तुकडा आणायचा, थर्मल पेस्ट लावून त्यावर दहा एलईडी बसवायचे, एकापुढे एक सोल्डर करायचे आणि त्यांना ठरावीक करंट देणारा तीनशे मिलिॲम्पिअरचा ड्रायव्हर जोडायचा. उष्णता चॅनेल ओढून घेतो; त्याच्याशिवाय एलईडी लवकर मरतात. खाली ॲक्रिलिकची काच, कडांना सिलिकॉन. वायर प्लगकडे नेताना आधी खाली झुकवायची, म्हणजे पाण्याचा थेंब ओघळून सॉकेटमध्ये शिरत नाही. वरची चौकट सुताराने सागाच्या फळीची केलेली, तिला गेरूचा हात, त्यावर पांढऱ्या रंगात तारपा नाचाची रांग आणि शेवटी वॉर्निश. संध्याकाळी दिवा लावला की खालची हिरवळ उजळून निघायची. इतकी देखणी वस्तू मी कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही.

एलईडीवर झाडं जगत नाहीत, असं शहरातला एक दुकानदार ठासून सांगायचा. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळा एलईडी, त्यावर पिवळा फॉस्फर. त्यामुळे त्यात लाल रंग कमी पडतो. आम्ही दहात दोन लाल बसवले, दिवा आठ तासांवर नेला नाही, म्हणून शेवाळही माजलं नाही. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीने टाकीभर पिल्लं सोडली. आमचा पालघर जिल्हा झाला त्याच २०१४ साली अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर उघडलं, तेही एलईडीच्याच उजेडात. त्या दुकानदाराला आणखी काय उत्तर द्यायचं? ते मत्स्यालय कोविडमध्ये बंद झालं, ही हळहळ वेगळी.

नंतरची वर्षं स्वस्त तयार दिव्यांची. घरपोच दिवा येतो, वर्ष-दीड वर्ष चालतो आणि फेकला जातो. पाड्यापाड्यांवर सोल्डरिंग आयर्न हातात घेणारी पोरं होती, ती आता फक्त मोबाईलची कव्हरं विकतात. हे मला सहन होत नाही. ज्या हातांनी बॅटरीवर टाक्या जगवल्या, त्या हातांना उघडताच येणार नाही असा दिवा विकणं हा अन्याय आहे.

म्हणून नवा दिवा घेताना दुकानदाराला एकच विचारा: याचा ड्रायव्हर काढून बदलता येतो का? नाही म्हणाला, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.