पांढऱ्या फँटमपासून नारिंगी पट्टीपर्यंत

हौशी ड्रोनला रंग लावायची सुरुवात नाशकात काही सौंदर्यदृष्टीतून झाली नाही. पुढचे तोंड कोणते आणि मागचे कोणते, एवढेच कळायला हवे होते. २००९ च्या अखेरीस ‘थ्री इडियट्स’मध्ये पडद्यावर उडाला तो ड्रोन मुंबई आयआयटीतून निघालेल्या आयडियाफोर्जच्या तरुणांचा. त्यानंतर चार-पाच वर्षांनी स्वतः जुळणी करून उडवणाऱ्या पोरांच्या हाती बहुधा डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीचा एफ ४५० सांगाडा आला. त्याचे दोन हात लाल, दोन पांढरे. हे रंग दिशेसाठी होते; यंत्र आपल्याकडे तोंड करून आले की डावे-उजवे उलटते, आणि घोटाळा झाला की ते सरळ झाडात जाते.

गंमत अशी, की थोडे लांब गेले की उजळ आभाळासमोर लाल काय नि पांढरे काय, सगळे काळेच दिसते. संक्रांतीला येवल्यात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, घेऊन तीन दिवस गच्चीवर उभे राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. लांबचा पतंग तो रंगावरून नाही, चालीवरून ओळखतो. ड्रोनवाल्यांनी मग हातांखाली एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि रंग मागे पडला.

तो परत आला लग्नाच्या शूटिंगमुळे. जानेवारी २०१३ मध्ये आलेला डीजेआयचाच पांढरा, गुळगुळीत फँटम पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्नाच्या फोटोग्राफरांकडे पोहोचला. सगळ्यांचे ड्रोन दिसायला सारखे, म्हणून आपला वेगळा हवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवायला मनाई केली होती, पण वरातींना त्याचा पत्ता नव्हता. गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्या रेडियमवाल्याकडे ड्रोनचे कवच जाऊ लागले. स्टुडिओचे नाव, ज्वाळा, वाघाचे पट्टे, कार्बन फायबरसारखी दिसणारी काळी फिल्म, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आरशासारखी चमकणारी क्रोम फिल्म. कार्बनच्या नकलेने काही बिघडत नाही, ते नुसते छापील प्लास्टिक. पण क्रोम फिल्ममध्ये धातूचा थर असला, तर तो उपग्रहाचा सिग्नल अडवतो. फँटमचा जीपीएस कवचाच्या वरच्या बाजूलाच, आतून बसवलेला. त्याच्या डोक्यावर असा थर चढवायचा आणि मग ड्रोन जागेवर का थांबत नाही म्हणून कंपनीला नावे ठेवायची! गॅरेजातल्या स्प्रेनेही हात दाखवला. पत्र्याला चालणारे थिनर प्लास्टिकला चालेलच असे नाही. कवचावर बारीक चिरा उमटतात. पंखे रंगवण्याची हौस तर त्याहून महाग. पंख्याच्या एका पात्यावर रंग जाड बसला की तोल बिघडतो, थरथर कॅमेऱ्यापर्यंत जाते आणि नवरीचा चेहरा लाटेसारखा हलतो.

डीजेआयचा २०१६ चा मॅविक करड्या रंगात आला. दिसायला देखणाच. पण अंजनेरीच्या काळ्या कातळावर पडलेला करडा ड्रोन शोधून दाखवा. किंवा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या मांडवावर, पानांत अडकलेला. रंग कुठे लावायचा याचा खरा धडा इथे मिळाला: खालून बघणाऱ्यासाठी नव्हे, पडल्यावर वरून शोधणाऱ्यासाठी. पाठीवर भडक नारिंगीची बोटभर पट्टी पुरते. या सगळ्या प्रवासातली शहाणी सजावट मला हीच वाटते.

मग वजन आणि कायदा एकदम आले. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ ठरला आणि त्याला बऱ्याच अटींतून सूट मिळाली. मोठ्यांवर ओळख क्रमांकाची अग्निरोधक पट्टी बंधनकारक झाली. जानेवारी २०२० मध्ये सरकारने घरोघरचे ड्रोन जाहीर करायला सांगितले. त्याच्या जरा आधी, २०१९ च्या शेवटी, २४९ ग्रॅमचा मॅविक मिनी बाजारात आला होता. हातात उरला एक ग्रॅम. विनाइल फिल्म गोंदासकट चौरस मीटरला साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरते, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडाच सव्वा ग्रॅमच्या पुढे. तळहाताएवढ्या वाघाने ड्रोन वरच्या वर्गात! आणि याच मिनीसाठी डीजेआयने कोऱ्या स्टिकरांचा आणि रंगीत मार्करांचा संच विकायला काढला होता. मार्करच्या शाईचे वजन नगण्य, एवढे मात्र खरे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनची आयात बंद झाली, सुटे भाग येत राहिले. कवचे घरच्या थ्रीडी प्रिंटरवर निघू लागली. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. काळे कवच एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले की संध्याकाळपर्यंत त्याला बाक आलेला असतो. इथे फिका रंग ही चैन नसून गरज आहे.

पण नाशिकच्या ड्रोनचा रंग शेवटी ठरवला तो शहराच्या भूगोलाने. देवळालीचा तोफखाना, गांधीनगरचे लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना. २०२२ मध्ये लष्करी हद्दीवर अनोळखी ड्रोन दिसल्याच्या तक्रारी झाल्या आणि पोलिसांनी खासगी ड्रोन ठाण्यात जमा करायला सांगितले. तोवर फौजी ठिपक्यांची फिल्म सर्रास लागत होती. देवळालीच्या आसपास राहून ड्रोनला छद्मावरण चढवणे ही हौस म्हणावी की आडमुठेपणा? ती फिल्म बऱ्याच जणांनी मुकाट्याने सोलून काढली.

आता जाणते लोक कवच कंपनीच्या रंगातच ठेवतात, पाठीवर नारिंगी पट्टी आणि वाचता येईल असा क्रमांक, बस्स. जुन्या ड्रोनच्या बाजाराचेही हेच म्हणणे आहे. पूर्ण रंगरंगोटी केलेल्या ड्रोनला भाव कमी मिळतो, कारण फिल्मखाली तडा झाकलेला असेल अशी शंका विकत घेणाऱ्याला असतेच; भाव बोलायच्या आधी तो म्हणतो, “आधी रेडियम काढून दाखवा.”