कचऱ्यातील इंधन

शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली, ती हाताने काम करीत असतानाच मनुष्य खऱ्या अर्थाने शिकतो या दृढ श्रद्धेने. आणि म्हणूनच तेथील शिक्षणक्रमात शेती व कार्यशाळा यांच्या जोडीला ऊर्जा व पर्यावरण या विषयासही मानाचे स्थान लाभले.

या विषयातील जैववायूचे तत्त्व प्रत्येक गृहस्थाने व व्यावसायिकाने समजून घ्यावे असे आहे. शेण अथवा खरकटे पाण्यात कालवून हवाबंद टाकीत सोडले, म्हणजे प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव प्रथम त्याचे विघटन करून आम्ले निर्माण करतात, आणि त्या आम्लांवर उपजीविका करणारे दुसऱ्या वर्गातील जीव मिथेन हा ज्वलनशील वायू मुक्त करतात. शेण जनावराच्या पोटात एकवार पचलेले असल्यामुळे, तितक्याच वजनाच्या खरकट्यापासून त्याहून अधिक वायू मिळतो; मात्र खरकटे एकाएकी फार लोटल्यास आम्ल साचून मिथेनजनक जीव निकामी होतात, म्हणून भरणा रोज बेताने करावा लागतो. बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र शिल्लक राहते, ते शेताच्या हक्काचे.

तेव्हा खानावळी, मंगल कार्यालये व भाजीबाजार यांनी ओला कचरा उगमापाशीच वेगळा काढावा, आणि ग्रामपंचायतींनी त्याचा बंदोबस्त करताना हे इंधन आपल्या जमाखर्चात जमेच्या बाजूस मांडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.