मेंदूतील गाठीचा दीर्घ मुक्काम
कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागसारख्या चिंचोळ्या गावात राहून, मेंदूत मंदगतीने वाढणाऱ्या गाठीसह ज्याला वर्षानुवर्षे संसार करावयाचा आहे, त्याला गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाची वाट आणि ठराविक मुदतीची एमआरआय तपासणी अंगवळणी पाडून घ्यावी लागते. कवटी अस्थिमय, अप्रसरणशील असल्याने कर्करोग नसलेली गाठही वाढल्यास आतील दाब वाढवून उपद्रव करते. उलट मेनिंजिओमासारखी लहान, लक्षणरहित गाठ पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून केवळ नजरेखाली ठेवता येते. गाठीमुळे येणाऱ्या फेफऱ्याचे औषध मात्र, बरे वाटते म्हणून, परस्पर बंद करू नये. आणि झटके येत असतील तर एकट्याने होडी घेऊन जाणे, दर्यावर पोसलेल्या माणसाला कितीही जाचक वाटले, तरी वर्ज्यच. गाठीवर उपचार करावेच लागले, तर खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही होतात. निवडक गाठींत त्यांचा भोवतालच्या निरोगी मेंदूवरील मारा कमी असतो.