संकेतस्थळाची वखार

संग्रह करणें सोपें, पण संग्रह राखणें कठीण, हा अनुभव प्रत्येक घराला व प्रत्येक संस्थेला येतो. पूर्वीं शाळेचें स्नेहसंमेलन झालें म्हणजे छायाचित्रकार येऊन दोन-चार तसबिरी काढी, आणि त्या मुख्याध्यापकांच्या खोलींत वर्षानुवर्षें भिंतीवर असत. आतां एका संमेलनाचीं पांचशें छायाचित्रें, नाटकाची ध्वनिचित्रफीत व हस्तलिखिताचीं पानें दुसऱ्याच दिवशीं शाळेच्या संकेतस्थळावर जातात. तीं पाहून गांवोगांवचे माजी विद्यार्थी आनंद मानतात. परंतु तीं राहतात कोठें, कोणाच्या हवालीं असतात, आणि दहा वर्षांनीं सांपडतील कीं नाहीं, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. ह्या विषयाची थोडी ओळख आमच्या विद्यार्थिवाचकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम संकेतस्थळाची नेहमींची मांडणी पाहूं. उदाहरणादाखल वर्डप्रेस घेऊं. कारण २००३ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रणालीवर जगांतील असंख्य लहानमोठीं संकेतस्थळें चालतात. तींत मुख्यतः तीन भाग असतात. पहिला आज्ञावलीचा, तिच्याप्रमाणें पानें तयार होतात. दुसरा नोंदवहीचा, म्हणजे डेटाबेसचा. त्यांत लेखांचा मजकूर व प्रत्येक चित्राची नोंद असते. तिसरा प्रत्यक्ष फायलींचा. चित्र चढविलें कीं तें 'अपलोड्स' नांवाच्या कप्प्यांत, त्या वर्षाच्या व महिन्याच्या उपकप्प्यांत जाऊन बसतें. शिवाय लहानशा पडद्याकरितां भलें मोठें चित्र पाठवावें लागूं नये म्हणून वर्डप्रेस त्याच्या निरनिराळ्या मापांच्या प्रती करून ठेवते. मोठ्या छायाचित्राच्या अशा प्रती मूळ धरून सात-आठ होतात. म्हणजे पांचशें छायाचित्रें चढविलीं तर साडेतीन-चार हजार फायली जमतात.

हे तिन्ही भाग सामान्यतः एकाच संगणकावर, ज्याला सर्व्हर म्हणतात त्यावर, राहतात. आरंभीं ही व्यवस्था सोयीची असते. एकाच खोलींत पेढी आणि वखार थाटणाऱ्या लहान दुकानदारासारखी ती समजावी. गिऱ्हाइकानें मागितलें कीं मागें वळून काढून द्यावें. परंतु माल वाढत चालला म्हणजे पोतीं गादीपर्यंत येतात, व मग बसावयासही जागा उरत नाहीं. सर्व्हरची जागा भरली कीं नवें चित्र चढत नाहीं, प्रसंगीं नोंदवहींत नवी नोंदही होत नाहीं, आणि संकेतस्थळ अडून बसतें. राखीव प्रत काढावयास तासच्या तास लागतात. निकालाच्या दिवशीं गर्दी होते म्हणून दुसरा सर्व्हर जोडावा, तर पहिल्याच्या कप्प्यांतील चित्रें दुसऱ्यास दिसत नाहींत. अशा वेळीं शहाणा व्यापारी जें करतो तेंच येथें करावें लागतें: पेढी बाजारांत ठेवावी, व वखार निराळी करावी.

अशी वखार भाड्यानें देण्याचा धंदा ॲमेझॉन कंपनीनें १४ मार्च २००६ रोजीं सुरू केला. तिच्या ह्या सेवेचें नांव एस-३. गूगल, मायक्रोसॉफ्ट इत्यादि कंपन्यांच्याही तशा सेवा आहेत; आणि एस-३ चीच आज्ञाभाषा समजणाऱ्या वखारी इतर कित्येक कंपन्या चालवितात, त्यामुळें एकीकडून दुसरीकडे जाणें पुष्कळ सुलभ झालें आहे. ह्या प्रकाराला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. आपण त्यास वस्तुभांडार म्हणूं. क्लाउड, म्हणजे मेघ, हें नांव ऐकून कोणीं असें समजूं नये कीं चित्रें आकाशांत तरंगतात. तीं जमिनीवरच्या भक्कम इमारतींत, यंत्रांच्या रांगांमध्यें, विजेच्या व थंड हवेच्या आधारानें राहतात. ॲमेझॉनच्या अशा इमारतींचा मुंबई विभाग २०१६ मध्यें सुरू झाला.

वस्तुभांडाराची रीत आपल्या घरच्या संगणकाहून निराळी आहे. वस्तु ज्या पात्रांत ठेवावयाच्या त्यास बकेट म्हणतात. प्रत्येक वस्तूला एक नांव असतें, आणि तिच्याविषयींच्या माहितीची एक चिठ्ठी तिला जोडलेली असते. कप्प्यांत कप्पा असा प्रकार येथें मुळांत नाहीं. '२०२४/१२/नाटक' असें नांव दिलें तर वर्षाचें दालन व त्यांत महिन्याचें दालन असल्याचा भास होतो खरा. परंतु मधली तिरपी रेघ ही त्या नांवांतीलच एक खूण होय. वस्तूचा मधलाच तुकडा बदलतां येत नाहीं. बदलावयाची तर सबंध नवी ठेवावी लागते. म्हणून क्षणोक्षणीं बदलणाऱ्या नोंदवहीला ही जागा नव्हे. पण छायाचित्रें, ध्वनिफिती, पुस्तकें, अशा एकदां ठेवून शेंकडों वेळां पाहावयाच्या गोष्टींना ती अगदीं अनुरूप आहे. एस-३ च्या नेहमींच्या वर्गांत प्रत्येक वस्तु एकमेकांपासून अलग अशा निदान तीन केंद्रांत जपली जाते. कंपनीचें म्हणणें असें कीं, एक कोटि वस्तु ठेवल्या तर सरासरीनें दहा हजार वर्षांत एखादी गहाळ व्हावी, अशा बेतानें ही रचना केलेली आहे. ह्या वचनाची मर्यादा पुढें दिसेल.

आतां पेढी आणि वखार यांचा सांधा कसा जुळवावयाचा तें पाहूं. प्रथम बकेट निर्माण करावयाचें. तें वाचकांना जवळ पडेल अशा विभागांत असावें. महाराष्ट्रांतील शाळेला मुंबई जवळ, अमेरिका दूर, हें सांगावयास नकोच. नंतर वर्डप्रेसला प्लगइन नांवाची एक जोड-आज्ञावली बसवावयाची. हिचें काम विश्वासू हमालाचें. शिक्षकांनीं चित्र चढविलें कीं वर्डप्रेस नेहमींप्रमाणें लहानमोठ्या प्रती तयार करते. जोड-आज्ञावली त्या सर्व उचलून बकेटमध्यें पोंचविते, प्रत्येकीचें ठिकाण नोंदवहींत टिपते, आणि पान तयार होतांना सर्व्हरच्या पत्त्याच्या जागीं वखारीचा पत्ता घालते. माल वखारींत व नोंद पेढीवर, ही वांटणी ध्यानांत धरावी. नोंद हरवली तर माल असून नसल्यासारखा. माल हरवला तर नोंद म्हणजे नुसता कागद. म्हणून दोहोंचीही राखीव प्रत असणें अवश्य आहे.

तास-दोन तासांच्या नाटकाची ध्वनिचित्रफीत सर्व्हरमधून नेणें म्हणजे वखारींत जावयाचें पोतें उगाच पेढीवरून फिरविणें होय. अशा वेळीं सर्व्हर सही केलेला एक पत्ता देतो. त्या पत्त्यावर, ठरलेल्या मुदतींत, ठरलेली तेवढी वस्तु ठेवतां येते; मुदत संपली कीं पत्ता निरुपयोगी होतो. आणखी दोन बारीक गोष्टी नवशिक्यांना फार छळतात. वस्तूच्या चिठ्ठींत ती कोणत्या जातीची, म्हणजे चित्र कीं ध्वनि, हें नीट लिहिलेलें नसलें तर ब्राउझर ती दाखविण्याऐवजीं उतरवून घेऊं लागतो. दुसरें असें कीं, इंग्रजी नांवांतील मोठ्या व लहान लिपींतील अक्षरें वस्तुभांडारांत भिन्न मानलीं जातात. घरच्या विंडोज संगणकावर जें नांव चालून जातें, त्यालाच येथें 'वस्तु नाहीं' असें उत्तर मिळतें.

वखारीची किल्ली हा ह्या व्यवस्थेंतील सर्वांत नाजूक भाग होय. जोड-आज्ञावलीला बकेटमध्यें शिरण्यासाठीं गुप्त अक्षरांची एक जोडी द्यावी लागते. पुष्कळ लोक घाईनें तिला मालकाची किल्लीच देऊन टाकतात. म्हणजे तिच्यानें एका कोठारासाठीं सबंध वाडा उघडतो. २०१४ च्या जून महिन्यांत कोड स्पेसेस नांवाच्या कंपनीच्या ॲमेझॉनवरील खात्यांत कोणी परका इसम शिरला. त्यानें खंडणी मागितली. आणि कंपनी खातें परत ताब्यांत घेऊं लागतांच त्यानें तिचा बहुतेक माल, व त्याच खात्यांतील राखीव प्रतीही, पुसून टाकल्या. कंपनीला धंदा बंद करावा लागला. यास्तव हमालाला हमालापुरतीच किल्ली द्यावी: त्याच बकेटमध्यें ठेवणें, काढणें व पुसणें, याहून अधिक अधिकार तिच्यांत नसावा. ती आज्ञावलीच्या मजकुरांत लिहूं नये, आणि ज्यांचें काम नाहीं त्यांच्या हातीं पडूं देऊं नये.

वखार कोणाला उघडी असावी, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल २०२३ पासून एस-३ मधील नवें बकेट जन्मतःच लोकांस बंद असतें. तें उघडावयाचें तर मालकानें समजून-उमजून तसें करावें लागतें. शाळेच्या बाबतींत हा विवेक विशेष हवा. क्रीडामहोत्सवाचें चित्र सर्वांनीं पाहावें. परंतु विद्यार्थ्यांचे दाखले किंवा वैद्यकीय तपासणीचे कागद त्याच उघड्या बकेटमध्यें ठेवणें हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. अशा गोष्टींसाठीं बंद बकेट निराळें असावें, व अधिकारी माणसालाच मुदतीचा सहीबंद पत्ता मिळावा. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तेव्हां मुलांचीं छायाचित्रें चढविण्यापूर्वीं घरच्यांस विचारणें हें सौजन्यही आहे आणि कर्तव्यही आहे.

आतां पत्त्याविषयीं. पानोपानीं वखारवाल्या कंपनीचा पत्ता छापला, आणि उद्यां भाडें परवडेनासें झालें, तर हजारों पानें बदलावीं लागतील. म्हणून शाळेच्या स्वतःच्या नांवाखालीं चित्रांसाठीं एक उपनाम घ्यावें, व तें वखारीकडे वळवून द्यावें. मग वखार बदलली तरी वाचकांस कळणारही नाहीं. वखार आणि वाचक यांच्यामध्यें बहुधा सीडीएन नांवाचें वितरणजाळें ठेवतात. तें निरनिराळ्या शहरांत चित्रांच्या प्रती बाळगून जवळच्या ठिकाणाहून वाचकास देतें. त्यानें वेग वाढतो, आणि मूळ बकेट लोकांस बंद ठेवून एकट्या जाळ्यालाच आंत येऊं देतां येतें. मात्र एकाच नांवानें चित्र बदललें तर कांहीं काळ जुनेंच दिसत राहतें. यासाठीं नव्या चित्राला नवें नांव द्यावें हें उत्तम. खर्चाचेंही भान असावें. भाडें ठेवलेल्या मालावर असतेंच. परंतु बहुतेक वखारींत बाहेर जाणाऱ्या मालावरही आकार पडतो, व लोकप्रिय ध्वनिचित्रफितीचें बिल पाहून चिटणीस चकित होतात.

शेवटीं जुना माल हलविण्याविषयीं सांगितलें पाहिजे. कारण मोठी हानि बहुधा स्थलांतरांतच होते. मायस्पेस हें एके काळीं तरुण गायकवादकांचें आवडतें संकेतस्थळ होतें. सर्व्हर बदलतांना तेथील जुनीं गाणीं, छायाचित्रें व चित्रफिती नष्ट झाल्याचें २०१९ च्या मार्चमध्यें जाहीर झालें. बारा वर्षांत जमलेलीं सुमारें पांच कोटि गाणीं गेलीं असावींत, असें वृत्तपत्रांनीं म्हटलें. कित्येकांपाशीं स्वतःच्या गाण्याची दुसरी प्रत नव्हती. पुढें त्याच वर्षीं, संशोधनासाठीं कोणी पूर्वीं उतरवून घेतलेलीं सुमारें चार लक्ष नव्वद हजार गाणीं इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेनें लोकांस खुलीं केलीं. एवढा भाग वांचला तो केवळ एक प्रत दुसरीकडे होती म्हणून. तेव्हां फायली बकेटमध्यें नेल्यावर प्रथम दोन्ही ठिकाणची संख्या मोजावी, मग प्रत्येकीचें बेरीजचिन्ह, ज्यास चेकसम म्हणतात तें, ताडून पाहावें, नंतर पत्ते बदलावे, कांहीं महिने जुना सांठा तसाच राहूं द्यावा, आणि सर्व ठीक आहे अशी खात्री झाल्यावरच तो पुसावा.

आतां त्या दहा हजार वर्षांच्या वचनाकडे वळूं. तें यंत्र बिघडून वस्तु नष्ट होण्याविषयीं आहे. मालकानेंच चुकून पुसलें, किंवा चोरानें पुसलें, तर वखार आज्ञा निमूटपणें पाळते. त्याकरितां जुन्या आवृत्ति राखण्याची सोय चालू ठेवावी, आणि एक प्रत निराळ्या खात्यांत अथवा शाळेच्या कपाटांत असावी. वस्तु सुरक्षित असणें आणि ती हवी तेव्हां मिळणें, ह्याही दोन भिन्न गोष्टी आहेत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियांतील केंद्रांत एका कर्मचाऱ्यानें आज्ञा टाइप करतांना चूक केली, व हव्या त्याहून पुष्कळ अधिक सर्व्हर बंद झाले. सुमारें चार तास असंख्य संकेतस्थळांचीं चित्रें दिसेनाशीं झालीं. इतकेंच नव्हे, तर कंपनीचा स्वतःचा स्थितिफलकही एस-३ वरच अवलंबून असल्यामुळें त्यावर खरी स्थिति कांहीं काळ दाखवितां आली नाहीं.

एवढ्यावरून वखार वाईट असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. शाळेच्या एका कोपऱ्यांतील संगणकापेक्षां ती शतपटीनें भरंवशाची आहे. परंतु भाडें दिलें म्हणून जबाबदारी दिली असें होत नाहीं. आमची सूचना इतकीच कीं, दरवर्षीं संमेलन आटोपल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखालीं चार विद्यार्थ्यांनीं एक दुपार ह्या कामीं द्यावी. निरनिराळ्या वर्षांचीं दहा चित्रें राखीव प्रतींतून परत काढावीं, तीं उघडतात कीं नाहीं तें पाहावें, किल्ली कोणाकोणापाशीं आहे याची यादी तपासावी, आणि काय आढळलें तें शाळेच्या दप्तरांत तारीख घालून लिहून ठेवावें. पुढच्या वर्षींच्या चौघांना काम कोठून सुरू करावयाचें तें त्यावरून समजेल.